आजच्या दिवसापुरते



मृगाचा पाऊस लागला आणि तरवा वीतभर वर आला, म्हणजे आमच्या ह्या रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला कोणाशी बोलण्यास सवड राहत नाही. ज्याची चिखलणी झाली त्याला लावणीस माणसे मिळत नाहीत. ज्याला माणसे मिळाली त्याच्या खाचरात पाणी ठरत नाही. आणि मुंबईस चाकरीला असलेला मुलगा सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारीत असतो की, लावणी आटोपली काय? अशा दिवसांत रविवारच्या उपासनेस दहा माणसे आली तरी पाळकाने देवाचे आभार मानावे. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी उपासना संपल्यावर आमच्या एका उपदेशक बंधूंनी मला देवळाच्या पडवीत गाठले. त्यांच्याकडे चार गावांचे काम आहे, घरची थोडी भातशेती आहे, तीन लेकरे आहेत, आणि चढणीवर बंद पडणारी एक जुनी दुचाकी आहे. ते म्हणाले, "पाळकसाहेब, उद्याविषयी चिंता करू नये, असा उपदेश मी आज सकाळी वरच्या वाडीत केला. उपदेश करीत असताना माझ्या मनात काय चालले होते, सांगू? उद्या नांगरणीचे यंत्र कोणाकडून मिळेल, हेच. मग मी देवाच्या घरात उभा राहून खोटे बोललो काय?"

मी त्यांना काहीएक उत्तर दिले. ते शास्त्राला धरून होते, परंतु पोकळ होते, हे मला बोलता बोलताच कळले. त्यांनी आदराने मान डोलावली आणि ते छत्री उघडून शेताकडे गेले. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. तो केवळ त्यांचा नव्हता, माझाही होता. आणि हे पत्र ओटीवर बसून वाचणाऱ्या पुष्कळांचा असावा असे वाटल्यावरून येथे त्याचा विचार मांडीत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, प्रभूने ते वचन रिकामटेकड्या लोकांस सांगितले नाही. गालीलातील ते लोक कोळी होते, शेतकरी होते, आणि रोज सकाळी चव्हाट्यावर उभे राहून कोणी कामास बोलावते काय म्हणून वाट पाहणारे मजूर होते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात असे मजूर आपल्याला भेटतात. त्यांची दिवसाची मजुरी एक दिनार, आणि तेवढ्यावर त्या दिवसाची भाकर. ज्याची कोठारे भरून वाहत होती त्या धनवानाविषयी प्रभूने निराळीच गोष्ट सांगितली आहे. तेव्हा कित्येक लोक जे म्हणतात की, पाखरांप्रमाणे निश्चिंत असा हा उपदेश श्रीमंताला शोभतो, गरिबाला नाही, त्यांनी ऐकणारे कोण होते हे पाहिलेले नाही. आणि पाखराचे म्हणाल तर, आमच्या परसातला बुलबुल उजाडल्यापासून अंधारेपर्यंत एक क्षण स्वस्थ बसत नाही. तो काम करतो; कुढत बसत नाही, एवढेच.

धर्मशिक्षणाच्या शाळेत असताना मी जे थोडे ग्रीक शिकलो त्यातील पुष्कळ आता विसरलो आहे. परंतु एक शब्द विसरलो नाही. आपल्या शास्त्रात ज्या ठिकाणी 'चिंता' असे आहे तेथे मुळात 'मेरिम्ना' हा शब्द आहे, आणि त्याचा संबंध वाटणी करणे, तुकडे करणे ह्या अर्थाच्या धातूशी जोडण्यात येतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर पौलाने हे दोन्ही शब्द जवळजवळच ठेविले आहेत: मनुष्य चिंता करतो आणि दुभंगून जातो. मार्थेला प्रभू जे बोलला त्यातही हेच क्रियापद आहे. मार्था काम करीत होती हा तिचा दोष नव्हता. कोणीतरी चूल पेटविलीच पाहिजे होती. तिचे हात चुलीशी, डोळे बहिणीकडे, आणि मन पाहुण्याने आपल्यास काय म्हणावे ह्याकडे, असे तिचे तीन तुकडे झाले होते, हा तो दोष. परंतु गंमत अशी की, हाच शब्द पौल स्वतःविषयीही वापरतो. सर्व मंडळ्यांची चिंता आपल्यावर दररोज असते, असे तो सांगतो. आणि तीमथ्य फिलिप्पैकरांची खऱ्या मनाने काळजी वाहील, असे लिहिताना त्याने हेच क्रियापद घातले आहे. ह्यावरून मला असे वाटते की, दुसऱ्याचा भार वाहणे आणि स्वतःच्या भयाने फाटून जाणे ह्या दोहोंस आपण एकच नाव देतो, म्हणून घोटाळा होतो.

पुढची तरतूद करणे हे तर पाप नव्हेच. नीतिसूत्रांत आळशी मनुष्याला मुंगीकडे पाठविले आहे. योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठविले, आणि ते देवाने दाखविल्यावरूनच साठविले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्या किनाऱ्यावर आले तेव्हा दापोली व मंडणगड ह्या तालुक्यांत आजोबा-पणजोबांनी लाविलेल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. वादळानंतर त्याच जमिनीत ज्यांनी नवी रोपे लाविली त्यांना ठाऊक होते की, पहिला नारळ हाती येण्यास कित्येक वर्षे लागतील, आणि कदाचित तो आपल्या हाती येणारही नाही. त्या लावण्याला चिंता कोण म्हणेल? खड्डा खणणे हे आजचे काम आहे. त्यात मनुष्य सर्वस्वी आजच्या दिवसात असतो, जरी झाड पुढच्या पिढीचे असले तरी.

रानातील मान्न्याची गोष्ट ह्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. प्रत्येकाने दररोज माणशी एक ओमेर गोळा करावे, आणि दुसऱ्या दिवसाकरिता ठेवू नये, अशी आज्ञा होती. काहींनी ठेविले, त्यात किडे पडले. परंतु सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्यास देवानेच सांगितले, आणि ते मात्र बिघडले नाही! लहानपणी शब्बाथशाळेत मला ह्याचे नवल वाटे. आता वाटते की, किडे साठ्यात नव्हते, अविश्वासात होते. एकच मान्ना, एकच भांडे. एके दिवशी भयाने झाकून ठेविलेले, दुसऱ्या दिवशी आज्ञेने.

आमच्या आंबेवाल्या बांधवांची स्थिती मला ठाऊक आहे. माझे सासरेही त्यातलेच. हापूस कलमाला मोहोर यावा म्हणून थंडी पाहिजे. थंडी पडली तर ढग येऊ नयेत. ढग आले की तुडतुडे, आणि अवकाळी पाऊस झाला की करपा. मग फवारणी, तिचे कर्ज, आणि पुढे वाशीच्या बाजारात पेटीला काय भाव फुटतो ही धास्ती. डिसेंबरापासून मेपर्यंत हा मनुष्य घरात असून घरात नसतो. पूर्वी त्याला निदान रात्री तरी सुटका होती, कारण रात्री बातमी येत नसे. आता उशाशी फोन आहे. त्यात उद्याचे हवामान आहे, परवाचा भाव आहे, मुंबईच्या चुलत्याचा निरोप आहे, आणि जिवंतपणी ज्यांचे तोंड पाहणार नाही अशा शंभर लोकांचे जेवणखाण आहे. मी फोनाला शिव्या देणार नाही; आजारी माणसाला रत्नागिरीच्या इस्पितळात वेळेवर पोहोचविण्यास त्याचा किती उपयोग होतो हे मी पाहिले आहे. परंतु मार्थेचे तीन तुकडे झाले होते, आपले तीनशे होतात.

भविष्याचे एवढे झाले. भूतकाळही मनुष्याला असाच गिळून टाकतो, आणि ह्याचे उदाहरण शोधण्यास आम्हां रत्नागिरीकरांस लांब जावे लागत नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा ह्याचे राज्य १८८५ साली इंग्रजांनी घेतले, आणि पुढल्या वर्षी त्याला येथे आणून ठेविले. त्या वेळी त्याचे वय सत्तावीस वर्षांचे होते. १९१० च्या सुमारास भाट्याच्या खाडीकडे तोंड करून असलेला तो लाल राजवाडा त्याच्याकरिता बांधून झाला; आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. तीस वर्षे! आजही लोक राजवाडा पाहण्यास जातात आणि वरच्या सज्जातून समुद्र किती सुंदर दिसतो असे म्हणतात. मी तेथे उभा राहतो तेव्हा मनात येते की, त्याला तो समुद्र दिसत होता काय? त्याच्या हाती उद्योग नव्हता. हरवलेले सिंहासन, मिळणारा तनखा आणि तो वाढवून मिळावा म्हणून सरकारास अर्ज, ह्यांतच त्याचा काळ गेला. त्याचा न्याय करणे माझ्याकडे नाही. पराधीन मनुष्याचे दुःख पराधीनच जाणे. त्याची नात मात्र ह्याच गावात वाढली, येथेच तिचे लग्न झाले, मराठी बोलत आणि गरिबीत काबाडकष्ट करीत तिने येथेच आपले आयुष्य काढले. आजोबाला जे गाव तुरुंग होते ते नातीला गाव झाले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही ह्याचा मी पुष्कळ दिवस विचार केला.

काही वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या एका वाडीतील आमच्या मंडळीचे एक वृद्ध गृहस्थ आजारी होते. त्यांचा निरोप आला म्हणून मी गेलो. त्याच दिवशी चार वाजता शहरात एका समितीची सभा होती, आणि तिच्यापुढे ठेवावयाचा जमाखर्च माझ्या पिशवीत अर्धवट पडला होता. मी त्यांच्या खाटेशी बसलो, शास्त्रभाग वाचला, प्रार्थना केली. प्रार्थनेच्या मध्येच दोन रकमांचा मेळ का बसत नाही हे माझ्या ध्यानात आले, आणि मला बरे वाटले, हेही सांगितले पाहिजे. मी उठलो तेव्हा म्हाताऱ्यांनी माझा हात धरिला आणि म्हटले, "पाळकसाहेब, एक बोलायचे होते." मी घड्याळ पाहिले. "आजोबा, रविवारी निवांत येतो," असे म्हणून मी निघालो. ते गुरुवारी गेले. त्यांना काय बोलावयाचे होते, हे मला आजवर कळले नाही. सुनेला विचारिले, तिलाही ठाऊक नव्हते. कदाचित काही पाप पदरी होते, कदाचित जमिनीचे काही होते, कदाचित नातवाच्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरवावयाचा होता. ती सभा काय झाली म्हणाल तर, माणसे पुरी न आल्यामुळे पुढे ढकलली गेली.

ह्यानंतर मी फार पश्चात्ताप केला, आणि येथेच मला जे अनपेक्षित होते ते घडले. दोन-तीन महिन्यांनी मी दुसऱ्या एका घरी, पक्षाघाताने अंथरूण धरिलेल्या एका आजीकडे गेलो. ह्या खेपेस मी सभा ठेविली नव्हती, फोन बंद केला होता, मुद्दाम अर्धा दिवस मोकळा ठेविला होता. मी बसलो, आणि बसल्या बसल्या ते आजोबा, तो धरिलेला हात, ते घड्याळ हेच डोळ्यांपुढे आले. आजी बोलत होत्या. थोड्या वेळाने त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पाद्रीसाहेब, तुम्ही बसलात इथे, पण जीव तुमचा दुसरीकडेच आहे." मला लाज वाटली. पहिल्या म्हाताऱ्याला मी उद्याच्या पायी गमावले होते, दुसरीला कालच्या पायी गमावीत होतो. आणि दुसऱ्या वेळी तर मी त्याला पश्चात्ताप असे पवित्र नाव दिले होते.

तेव्हापासून मी असे समजतो की, आजच्या दिवसात राहणे हे निश्चयाने साधणारे काम नव्हे. मनाला ओढून आणा, ते पुन्हा पळते. एखादी वस्तू तेथे अडकली आहे म्हणून ते पळते: मागे अपराध अडकला आहे, पुढे भय अडकले आहे. ज्याच्या अपराधाची क्षमा झाली आहे आणि ज्याच्या उद्याचा कोणी पिता आहे, त्यालाच आज मोकळा मिळतो. म्हणून प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आजच्या भाकरीची विनंती आणि अपराधांच्या क्षमेची विनंती ह्या एकमेकींस लागून आहेत, आणि त्यांच्या मागोमाग परीक्षेची, म्हणजे पुढच्या भयाची, विनंती आहे. एवढीशी प्रार्थना, पण काल, आज आणि उद्या तीन्ही तिच्यात ठेवून द्यावयाचे आणि उठून कामास लागावयाचे. माझ्या म्हाताऱ्याची क्षमा मला त्याच्याकडून मिळणे आता शक्य नाही. ती मी देवाजवळ मागितली. आणि ती मिळाली असे मानण्यास मला अपराध कबूल करण्याहून अधिक विश्वास लागला, हे खरे सांगतो.

हल्ली शहरांतून श्वासाकडे लक्ष द्या, ह्या क्षणात राहा, अशी शिकवण पुष्कळ ऐकू येते, आणि फोनातूनही ती मिळते. तिने कोणाची झोप सुधारत असेल तर मी तिला नावे ठेवीत नाही. आमचे हिंदू शेजारीही गीतेच्या आधाराने म्हणतात की, कर्म करावे, फळावर हक्क सांगू नये, आणि त्यात मोठी शक्ती आहे. माझा प्रश्न एवढाच की, क्षणात राहिल्यावर तेथे भेटते कोण? सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात लॉरेन्स नावाचा बंधू मुदपाकखान्यात काम करीत असे. तो पूर्वी शिपाई होता, पायाने अधू होता, आणि १६९१ साली वारला. त्याच्या संभाषणांचे व पत्रांचे लहानसे पुस्तक त्याच्या मागे निघाले. भांड्यांच्या खडखडाटात आणि दहा जणांच्या हाकांत आपल्याला देवाचा सहवास गुडघे टेकल्यावेळी मिळतो तितकाच मिळतो, असा त्याचा अनुभव होता. त्याला क्षण रिकामा करावयाचा नव्हता; त्यात कोणी आहे, त्याच्याशी बोलावयाचे होते.

परंतु ज्यांचे काम फार मोठे आहे त्यांनी काय करावे? आपल्याच भाषेतील दोन उदाहरणे माझ्या मनात नेहमी जवळजवळ उभी राहतात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत म्हणूनच मला आवडतात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो मुली व स्त्रियांचा संसार चालविला. धान्य, विहिरी, शाळा, आजार, सर्व काही. ते करीत असताना त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि खेड्यातील साध्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर सुमारे अठरा वर्षे चालविले. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई वारली, जिच्यावर पुढचा सर्व भार सोपवावयाचा होता. रमाबाई पुन्हा भाषांतराला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या तेव्हा ते काम पुरे झाले होते.

दुसरे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात जन्मलेले. करजगावी १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले. ते काम चालू असतानाच १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यास देवाच्या दरबाराचे काम आरंभिले. आणि ९ मे १९१९ रोजी ते वारले. काव्याचे थोडे अध्याय मात्र झाले होते. उरलेले लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना शाळा अशी कधी मिळालीच नव्हती. त्याही १९३६ साली गेल्या, आणि पुस्तक छापून बाहेर आले ते १९३८ साली. रमाबाईंनी आपले काम पुरे झालेले पाहिले, टिळकांनी पाहिले नाही. मला ह्यांत कमीअधिक दिसत नाही. ज्या सकाळी टिळक एक ओवी लिहीत होते ती सकाळ वाया गेली असे कोण म्हणेल? मी मात्र कबूल करतो की, स्वतःचे अर्धवट राहिलेले जमाखर्च पाहताना मला टिळकांची गोष्ट अधिक धीर देते.

आता त्या उपदेशक बंधूंच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही खोटे बोललात, असे मला वाटत नाही, हे मी त्यांना नंतर सांगितले. जे वचन तुम्ही वाडीतल्या लोकांस सांगत होता ते तुम्हांलाही सांगितले जात होते. ऐकणाऱ्यांत तुम्ही एक होता, एवढेच तुम्ही विसरलात. नांगरणीचे यंत्र उद्या पाहिजेच होते. ते कोणाकडे मागावे हे ठरविण्यास पाच मिनिटे लागतात, आणि ती उपदेशापूर्वी किंवा उपदेशानंतर देवासमोरच देता येतात. बाकीचे सर्व तास भयाने घेतले, कामाने घेतले नाहीत. ते हसले आणि म्हणाले, "पण पाळकसाहेब, ते पाच मिनिटांत ठरत नाही. ज्याचे यंत्र आहे तो आपल्याशी दोन वर्षे बोलत नाही." हे मला ठाऊक नव्हते. मग त्या दोन वर्षांचे बोलणे निघाले. बांधावरच्या एका फणसावरून भांडण होते, आणि चूक बहुधा ह्यांचीच होती. म्हणजे तेथेही पुढच्या चिंतेखाली मागचा अपराधच दडला होता. त्याच संध्याकाळी ते त्या शेजाऱ्याकडे गेले. काय बोलणे झाले ते मी विचारिले नाही.

लावणी त्या बुधवारी झाली. मीही गेलो होतो. चार-सहा मुठी तरवा लाविला तोच माझ्या कमरेने हाय खाल्ली, आणि बायकांनी मला हसून बांधावर बसविले. शेजारी यंत्र घेऊन आला होता. तो पलीकडच्या खाचरात चिखल करीत होता. पाऊस एकसारखा पडत होता. दुपारी वहिनींनी भाकरी आणि सुकटीची चटणी आणिली, आणि इरल्याखाली बसून आम्ही सर्वांनी ती खाल्ली.